सभासद याद्यांची संगणकीय जुळवणी : एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदी कशा ओळखाव्यात

मंडळाकडे सभासदांची एकच यादी कधीच नसते. आजीव सभासदांची जाड नोंदवही असते, वार्षिक वर्गणीची पावती पुस्तके असतात, वाचनालयाच्या वर्गणीदारांची वेगळी यादी असते. गणेशोत्सवाच्या देणगीदारांची एक्सेल फाइल, वधू-वर सूचक केंद्राचे फॉर्म आणि अलीकडे मोबाइलवरून भरलेले अर्ज हे त्यात आणखी भर घालतात. एकच माणूस यातल्या चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेला सापडतो. या सगळ्या याद्या संगणकावर आणून कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जुळते हे ठरवण्याच्या कामाला नोंदजुळवणी किंवा 'रेकॉर्ड लिंकेज' म्हणतात. या कामात येणाऱ्या अडचणी, विशेषतः मराठी नावांच्या आणि बडोद्यासारख्या दुभाषी गावातल्या अडचणी, आणि रुबी या संगणकभाषेत ते कसे करता येते, याची माहिती पुढे दिली आहे. आपल्या मंडळाची यादी ज्यांच्या हाती आहे त्यांना ती उपयोगी पडावी. ज्यांना संगणकात रस नाही त्यांनी निदान आजोबा-नातू आणि सासर-माहेर हे दोन भाग जरूर वाचावेत.

या कामात चुका दोन प्रकारच्या होतात. एका माणसाच्या दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर फार तर दिवाळी अंक एका घरी दोनदा जातो. दोन माणसे चुकून एक झाली तर मात्र त्यातला एक जण यादीतून नाहीसा होतो. त्याला वार्षिक सभेची सूचना जात नाही, निवडणुकीच्या यादीत त्याचे नाव राहत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी भरलेली आजीव वर्गणी दुसऱ्याच्या खात्यावर दिसते. म्हणून या कामात शंका आली तर नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, हा पहिला नियम.

थोडा इतिहास

'रेकॉर्ड लिंकेज' हा शब्द हॅल्बर्ट डन या अमेरिकी अधिकाऱ्याने १९४६ साली वापरला. जन्मापासून मृत्यूपर्यंत सरकारदरबारी प्रत्येकाच्या ज्या नोंदी होतात ती एका पुस्तकाची विखुरलेली पाने आहेत आणि ती एकत्र बांधायला हवीत, अशी त्याची कल्पना होती. १९५९ साली कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम्ब आणि सहकाऱ्यांनी विवाह आणि जन्माच्या नोंदी संगणकाने जुळवून दाखवल्या. १९६९ साली कॅनडाच्याच सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर यांनी त्यामागचे गणित पक्के मांडले. आज जनगणना, रुग्णालये आणि विमा क्षेत्रात जे चालते ते बहुतांशी याच पायावर उभे आहे. फेलेगी पुढे त्या खात्याचे प्रमुख झाले.

बडोद्याला याद्यांची परंपरा नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. कार्डावर एक नोंद, एका नोंदीला एक जागा, ही शिस्त इथल्या वाचनालयांत तेव्हापासून आहे. पुस्तकाचे नाव मात्र मुखपृष्ठावर छापलेले असते. माणसाचे नाव तो स्वतः वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे लिहितो.

आधी अक्षरे साफ करणे

दोन नावे सारखी दिसतात म्हणून संगणकाला सारखी वाटतील असे नाही. 'कऱ्हाडे' आणि 'कर्‍हाडे' ही दोन नावे पाहा. पडद्यावर फरक दिसत नाही. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे चिन्ह आहे. टंकलेखन कोणत्या कळपाटावर झाले त्यावर हे अवलंबून असते. रुबीत अक्षरांचे रूप एकसारखे करण्यासाठी 'युनिकोड नॉर्मलाइझ' ही पद्धत २.२ आवृत्तीपासून आहे. ती 'र' आणि नुक्ता मिळून झालेला 'ऱ' एकत्र करते, पण वरची जोडी एकत्र करत नाही, कारण युनिकोडच्या नियमात ती दोन रूपे समान मानलेली नाहीत. तो बदल आपल्यालाच लिहावा लागतो. वकील सभासदांच्या नावामागच्या 'ॲड.' चेही तसेच आहे. 'ॲ' हे एक अक्षर, आणि 'अ' वर चंद्र दिलेले 'अॅ' ही दोन चिन्हे. संगणकाच्या लेखी दोन्ही वेगळी.

याशिवाय नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. रुबीची 'स्ट्रिप' ही पद्धत साधी जागा काढते, पण वेब पानावरून नक्कल करताना येणारी 'नो-ब्रेक स्पेस' काढत नाही. त्यासाठी युनिकोडच्या सर्व जागा ओळखणारा 'स्पेस' हा वर्ग नमुन्यात वापरावा. फोन क्रमांकातले देवनागरी अंक साध्या अंकांत बदलावेत, नाहीतर '९' आणि रोमन नऊ जुळत नाहीत. आणि यादी जर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर बाकी काही करण्याआधी ती युनिकोडमध्ये आणावी. जुन्या फाँटमधला 'जोशी' संगणकाला इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाटतो.

आता उपपदे. श्री., सौ., श्रीमती, कु., चि., डॉ., प्रा. ही नावातून वेगळी काढावी लागतात. त्याबरोबर इथे गुजरातमध्ये नावाला चिकटणारे 'भाई' आणि 'बेन', आणि आपले 'राव', 'पंत', 'बाई'. सरकारी कागदावर 'जोशी विनायकभाई गणेशभाई', मंडळाच्या वहीत 'विनायक गणेश जोशी', लग्नपत्रिकेत 'विनायकराव'. गुजरातेत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, तेव्हा क्रमही उलटा. हैदराबादच्या मंडळींनी 'राव' काढताना जपून राहावे, कारण तिथे तो बऱ्याचदा आडनावाच्या जागी बसलेला असतो.

उपपद काढायचे म्हणजे फेकायचे नाही, वेगळ्या स्तंभात ठेवायचे. 'कै.' ही दोन अक्षरे यादीतली सर्वांत महत्त्वाची माहिती असू शकते. आणि 'सौ.' पुसण्याचे परिणाम काय होतात ते पुढे सांगितले आहे.

गावांच्या नावांसाठी समानार्थी शब्दांची छोटी सारणी पुरते : बडोदे, बडोदा, वडोदरा, इंदूर, इंदौर, ग्वाल्हेर, ग्वालियर, बेळगाव, बेळगावी, बेलगाम. वडोदरा हे नाव अधिकृतपणे १९७४ साली आले, बेळगावी १ नोव्हेंबर २०१४ रोजी. म्हणून पत्त्यातले गावाचे नाव पाहून जुनी नोंद किती जुनी असावी याचाही थोडा अंदाज येतो.

उच्चारावरून जुळवणी

नावे इंग्रजीत लिहिलेली असतील तर 'साउंडेक्स' ही जुनी रीत उपयोगी पडते. रॉबर्ट रसेल यांना तिचे पेटंट १९१८ साली मिळाले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर आणि 'एच', 'डब्ल्यू', 'वाय' गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना सहा गटांपैकी एक अंक द्यायचा आणि तीन अंकांवर थांबायचे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. रुबीत वीस-पंचवीस ओळींत लिहिता येते.

आपल्या आडनावांवर ती चालवली की गंमत दिसते. शिंदे आणि ग्वाल्हेरच्या घराण्याचे इंग्रजी 'सिंधिया' या दोन्हींचा संकेत एस ५३० येतो. गायकवाड 'ए-आय' ने लिहिले काय किंवा राजघराण्याप्रमाणे 'ए-ई' ने लिहिले काय, जी २३० च येतो; फक्त इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत शेवटी 'आर' लावून 'गायकवार' लिहीत, त्याचा जी २६० होतो. गोव्याकडे पोर्तुगीज पद्धतीने नाईकाच्या शेवटी 'क्यू-यू-ई' येते, तरी संकेत एन २०० तोच राहतो. प्रभूचे 'पोरोबो' झाले तरी पी ६१० कायम. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बसून केलेली रीत इतकी साथ देते हे नवलच.

पण तीच रीत दगाही देते. सावंत 'डब्ल्यू' ने लिहिला तर एस ५३०, म्हणजे शिंद्यांच्या पंगतीत, संतही तिथेच. तोच सावंत 'व्ही' ने लिहिला तर एस १५३, म्हणजे स्वतःपासूनच दूर. पहिले अक्षर बदलले की सगळे बदलते : वाकणकर 'डब्ल्यू' ने आणि 'व्ही' ने वेगळे, गोव्याच्या जुन्या कागदांत 'एक्स' ने सुरू होणारा शंकर आणि आपला 'एस' ने सुरू होणारा शंकर वेगळे, कामत आणि 'कामोतीम' वेगळे. तेव्हा साउंडेक्स चालवण्यापूर्वी 'डब्ल्यू' चा 'व्ही' करणे, 'एक्स' चा 'एस-एच' करणे असे दोन-चार बदल आपल्या गावाप्रमाणे करून घ्यावेत. आणि साउंडेक्स जुळला म्हणजे माणूस जुळला असे नाही. 'ही जोडी तपासण्याजोगी आहे' एवढाच त्याचा अर्थ.

अक्षरांचे अंतर

दुसरी रीत म्हणजे एका नावाचे दुसरे नाव करायला किती अक्षरे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात ते मोजणे. रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडलेले हे माप त्यांच्याच नावाने ओळखले जाते. रुबी वापरणाऱ्यांना यासाठी काही बसवावे लागत नाही. एखाद्या पद्धतीचे नाव चुकीचे टंकले तर 'तुम्हाला हे म्हणायचे होते का?' असे रुबी विचारते. ते काम करणारे 'डिड यू मीन' हे साधन २.३ आवृत्तीपासून रुबीसोबतच येते, आणि त्याच्या पोटात लेव्हेन्श्टाइन आणि जारो-विंकलर अशी दोन्ही मापे आहेत.

इथे पाटील आणि पटेल यांचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत लिहिले की दोघांत एका अक्षराचे अंतर. बडोद्यात दोन्ही आडनावे गल्लोगल्ली आहेत आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. देवनागरीत काळे आणि काणे यांच्यात अंतर एक. उलट शिंदे आणि शिन्दे यांत अंतर दोन, कारण अनुस्वाराच्या जागी 'न' आणि हलन्त असे दोन संकेत येतात. म्हणजे एकच आडनाव दूर, वेगळी आडनावे जवळ! हिंदी वळणाने लिहिलेले 'देशपाण्डे' हे आपल्या 'देशपांडे' पासून असेच दोन घरे लांब. त्यामुळे माप लावण्याआधी परसवर्णाचा अनुस्वार करावा, तुलनेपुरते ऱ्हस्व-दीर्घ एक करावे, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या याद्यांत 'ळ' चा 'ल' झालेला असतो म्हणून तुलनेपुरता तोही एक करावा. तुलनेपुरता, हे पुन्हा सांगतो. काळ्यांचे कायमचे काले करू नये. माणसे रागावतात, आणि बरोबरच आहे.

जारो-विंकलर हे माप अमेरिकेच्या जनगणना खात्यात तयार झाले. मॅथ्यू जारो यांनी ते १९८५ च्या टँपा शहरातील चाचणी गणनेसाठी वापरले आणि विल्यम विंकलर यांनी नंतर त्यात सुरुवातीची अक्षरे जुळल्यास जास्त गुण देण्याची सोय केली. लोक नावाच्या सुरुवातीला कमी चुकतात हा त्यामागचा विचार. देवनागरीत तो ठीक आहे. इंग्रजीत लिहिलेल्या मराठी नावांत मात्र चूक नेमकी पहिल्याच अक्षरात होते, हे वर आलेच आहे.

गुण कसे द्यावेत

फेलेगी आणि संटर यांची मुख्य गोष्ट सोपी आहे. प्रत्येक बाबीसाठी दोन प्रश्न विचारायचे. खरोखर एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील तर ही बाब जुळण्याची शक्यता किती? आणि दोन निराळी माणसे असताना ती योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिल्याला दुसऱ्याने भागून आलेल्या संख्येचा दोनच्या पायावरचा लॉगरिदम काढायचा. ते त्या बाबीचे गुण. सगळ्या बाबींच्या गुणांची बेरीज करायची.

समजा आपल्या यादीत दर वीस जणांत एक जोशी आहे. दोन नोंदींत जोशी जुळले तर (खऱ्या जोडीत जुळण्याची शक्यता ०.९५ धरली तर) ०.९५ भागिले ०.०५ म्हणजे १९, आणि गुण साधारण ४.२. तेच एखादे हजारात एक आढळणारे आडनाव जुळले तर गुण ९.९. दुर्मीळ आडनाव जुळणे ही मोठी साक्ष आहे, जोशी जुळणे ही लहान, हे आपण मनात धरतोच. इथे ते आकड्यात येते. स्त्री-पुरुष हा रकाना जुळला तर फक्त एक गुण मिळतो, पण जुळला नाही तर साडेचार गुण वजा होतात.

जन्माचा दिवस आणि महिना जुळला तर गुण ८.४, कारण योगायोगाची शक्यता ३६५ मध्ये एक. पण आपल्याकडे '१ जून' आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी ही तारीख टाकलेली माणसे ज्येष्ठ सभासदांत भरपूर सापडतात. वीसात एकाची ती तारीख असेल तर तिचे गुण निम्म्यावर, ४.२ वर येतात. त्यामुळे १ जूनसाठी वेगळे गुण ठेवावेत. पुस्तकात हे मिळणार नाही, आपल्या यादीत तारखांची मोजणी केली की दिसते.

मोबाइल क्रमांक ही पूर्वी पक्की खूण वाटायची. प्रत्यक्षात एका घरातले चार सभासद मुलाचाच क्रमांक देतात. क्रमांक जुळला तर 'घर एक' असे समजावे, माणूस एक असे नव्हे.

बेरजेवर दोन उंबरठे ठेवायचे. वरच्यापेक्षा जास्त गुण असतील तर जोडी मान्य, खालच्यापेक्षा कमी असतील तर अमान्य, आणि मधल्या जोड्या माणसाने बघायच्या. हा मधला ढीग शून्यावर आणायचा मोह टाळावा. मंडळातल्या दोन जुन्या सभासदांना चहा पाजून दोन रविवारी तो ढीग उरकतो.

रिकाम्या रकान्यांची फसवणूक

जन्मतारीख दोन्हीकडे रिकामी असेल तर ती जुळली म्हणायची का? नाही; त्या बाबीचे गुण शून्य धरायचे, अधिकही नाही आणि उणेही नाही. पण संगणक ठिकाणानुसार वेगळे उत्तर देतो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत 'नल' ची 'नल' शी तुलना खरी ठरत नाही. रुबीत मात्र 'निल' आणि 'निल' समान आहेत. आणि रकान्यात 'नल' ऐवजी रिकामी अक्षरमाळ असेल, जशी एक्सेलमधून आणलेल्या याद्यांत हमखास असते, तर ती दोन्हीकडे समान ठरते. आमच्या पहिल्या प्रयत्नात ज्यांची जन्मतारीखच नोंदवलेली नव्हती तेच सर्वांत पक्के जुळले, ते यामुळे. याद्या आत घेतानाच सर्व रिकाम्या माळा 'नल' कराव्यात आणि तुलनेच्या प्रत्येक पायरीवर आधी 'काही आहे का' हे तपासावे.

आजोबा आणि नातू

आपल्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. गणेशचे वडील विनायक, गणेशचा मुलगा विनायक. आजोबांच्या वडिलांचेही नाव गणेश असेल तर आजोबांचे पूर्ण नाव 'विनायक गणेश जोशी' आणि नातवाचेही 'विनायक गणेश जोशी'. (नाव नमुन्यादाखल आहे.) घर तेच, पत्ता तोच, फोन तोच. जुन्या नोंदवहीत जन्मसाल लिहिण्याची पद्धत नव्हती. संगणकाने बेरीज केली तर या जोडीचे गुण यादीत सर्वांत जास्त येतात.

आमच्याकडे असे एकदा घडले. आजोबांची 'कै.' ही खूण नातवाच्या नोंदीला लागली आणि वार्षिक अहवालातल्या श्रद्धांजलीच्या पानावर हयात मुलाचे नाव छापण्यापर्यंत वेळ आली. तपासनीसांनी मुद्रिते वाचताना पाहिले म्हणून निभावले. त्या दिवसानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. जन्मसालात बारा वर्षांपेक्षा जास्त फरक असेल तर बाकी काहीही जुळो, जोडी बाद. हा गुणांचा प्रश्न ठेवला नाही. जन्मसाल नसेल तर सभासद झाल्याचे साल पाहायचे : १९७१ साली आजीव सभासद झालेला माणूस २००१ साली जन्मलेला असू शकत नाही. आणि पूर्ण नाव अक्षरशः जुळले पण सालाचा कसलाच पुरावा नाही अशा सर्व जोड्या मधल्या ढिगात टाकायच्या, गुण कितीही असोत.

साखळीचाही असाच धोका असतो. क्रमांक १२ ची नोंद ४० शी जुळली आणि ४० ची ९५ शी, म्हणून १२ आणि ९५ एकच, असे संगणक धरतो. मधली नोंद अर्धवट असेल, नुसते 'वि. ग. जोशी', तर तिच्या खांद्यावरून आजोबा आणि नातू एकमेकांना भेटतात. तीन किंवा अधिक नोंदींचा गट तयार झाला की त्यातली प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे तपासावी.

सासर आणि माहेर

जुन्या स्मरणिकांत महिला सभासदांची नावे 'सौ. वि. ग. जोशी' अशी छापलेली आहेत. आद्याक्षरे नवऱ्याची. 'सौ.' काढून टाकले की उरते 'वि. ग. जोशी', आणि ती नोंद नवऱ्याच्या नोंदीशी तंतोतंत जुळते. पत्ता तोच असल्याने गुणही भरपूर. अशा तऱ्हेने बायको नवऱ्यात विरघळून जाते आणि यादीत एक सभासद कमी होतो. 'सौ.' वेगळ्या स्तंभात ठेवून त्यावरून स्त्री-पुरुष हा रकाना भरला तर हे टळते.

याहून अवघड म्हणजे लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी जुळवणे. बालनाट्यात काम केलेली, वाचनालयाची बालसभासद असलेली मुलगी लग्नानंतर याच गावात राहिली तरी आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि जुन्या रिवाजात पहिले नावही बदलते. नावाच्या तिन्ही भागांचे अंतर मोजून काहीच हाती लागत नाही. उरते ती जन्मतारीख, आणि ती १ जून असेल तर तीही नाही. कोणतेही सूत्र इथे चालत नाही. चालते ती विचारपूस. म्हणून सभासद अर्जात 'माहेरचे संपूर्ण नाव' हा ऐच्छिक रकाना असावा आणि जुन्या सभासदांना फोन करताना तेवढे विचारून घ्यावे. आम्ही विचारले तेव्हा अनेक आजी आनंदाने बोलल्या. काहींनी आपण कोणत्या साली कोणत्या नाटकात होतो तेही सांगितले. ज्यांना सांगायचे नाही त्यांना पुन्हा विचारू नये.

रुबीत प्रत्यक्ष काम

रुबी ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. रुबी म्हणजे माणिक, म्हणून तिच्या तयार साधनांच्या पुड्यांना 'जेम' म्हणतात. डेटाबेसशी बोलण्यासाठी 'सीक्वेल' हे जेम सोयीचे आहे. मंडळाच्या आकाराच्या याद्यांना 'एसक्यूलाइट' पुरते. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो आणि पेनड्राइव्हवर नेता येतो.

सीक्वेलमध्ये प्रत्येक सारणी किंवा तिच्यावरचा प्रश्न म्हणजे एक 'डेटासेट'. तो लिहिला म्हणजे लगेच चालत नाही. नोंदी प्रत्यक्ष मागितल्या, म्हणजे 'ऑल', 'ईच' किंवा 'फर्स्ट' म्हटले, की मगच डेटाबेसकडे जातो. त्यामुळे 'आजीव सभासद', त्यातून 'हयात', त्यातून 'जन्मसाल असलेले' असे एकावर एक डेटासेट रचत जाता येते.

दोन डेटासेट जुळवताना खरा खर्च जोड्यांचा असतो. नोंदवहीत १,२०० आणि ऑनलाइन अर्जांत ९०० नोंदी असतील तर जोड्या १०,८०,००० होतात. प्रत्येक जोडीवर लेव्हेन्श्टाइन चालवणे संगणकाला जमते, पण वेळ उगाच जातो. म्हणून आधी गट पाडतात, ज्याला 'ब्लॉकिंग' म्हणतात : जन्मसाल एक असेल तरच तुलना. साले साठ वर्षांत सारखी पसरली आहेत असे धरले तर जोड्या १८,००० वर येतात. पण जन्मसाल चुकले असेल तर ती जोडी कधीच समोर येत नाही. यावर उपाय म्हणजे दोन-तीन वेगवेगळे गट पाडून फेऱ्या मारणे : एकदा जन्मसालावर, एकदा आडनावाच्या साउंडेक्सवर, एकदा फोनवर. कुठल्याही एका फेरीत आलेली जोडी तपासली जाते. हे गट सीक्वेलच्या 'जॉइन' ने डेटाबेसमध्येच पाडावेत आणि नावांचे अंतर मात्र रुबीत मोजावे. ही वाटणी सर्वांत सुटसुटीत पडते.

एक किंवा दोन सारण्यांमधल्या नोंदी जुळवण्यासाठी सीक्वेलवरच बांधलेले 'लिंकेज' नावाचे जेमही आहे. दोन डेटासेट द्यायचे, कोणत्या स्तंभाची कोणत्या स्तंभाशी कोणत्या रीतीने तुलना करायची ते सांगायचे, गुणांचा उंबरठा ठरवायचा. निकाल फाइलमध्ये किंवा सारणीत मिळतो. हे जेम जुने आहे, तेव्हा आपल्या रुबीच्या आवृत्तीवर ते चालते का हे दहा-वीस नमुना नोंदींवर आधी पाहावे. माझे मत विचाराल तर त्याची मांडणी समजून घ्यावी आणि मंडळापुरते काम सीक्वेल घेऊन स्वतः लिहावे. १ जून आणि 'सौ.' यांचे नियम कोणत्याही तयार जेममध्ये नाहीत.

निकाल साठवताना मूळ याद्यांना हात लावू नये. 'दुवे' नावाची तिसरी सारणी करावी. तिच्यात पहिल्या यादीतला क्रमांक, दुसऱ्या यादीतला क्रमांक, गुण, निर्णय, निर्णय कोणी घेतला आणि तारीख एवढे स्तंभ असावेत. 'ही माणसे वेगळी आहेत' हा निर्णयही लिहून ठेवावा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच जोडी पुन्हा समोर येते आणि नव्या कार्यकर्त्याला सगळी चौकशी पुन्हा करावी लागते. चूक निघाली तर एक ओळ पुसली की दोन्ही माणसे पूर्ववत वेगळी होतात. नोंदीच एकमेकींत मिसळून टाकल्या असतील तर ते शक्य नसते.

जुळवणी सोपी व्हावी म्हणून आधार क्रमांक मागण्याची सूचना दर सभेत कोणीतरी करते. तो मागू नये. सांस्कृतिक मंडळाला त्याची गरज नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशी माहिती बाळगणे ही जबाबदारी आहे. एकत्र केलेली यादी मूळ याद्यांपेक्षा जास्त नाजूक असते : वधू-वर केंद्राला दिलेली माहिती वर्गणीच्या यादीत उघडी पडता कामा नये. दुव्यांची सारणी फक्त चिटणीस आणि त्यांनी नेमलेल्या एका व्यक्तीकडे असावी, आणि वधू-वर फॉर्म या जुळवणीत संबंधितांची लेखी संमती असल्याशिवाय घेऊच नयेत. आम्ही ते घेतलेले नाहीत.